गॅरेजमधलं खोकं

लहानपणी सांगलीत मी काडेपेटीचे छाप जमवायचो. न्यू जर्सीत मुलगा लिटल लीगमध्ये खेळायला लागला, त्याचे मित्र बेसबॉल कार्डांची पाकिटं फोडायला लागले, आणि नाद लागला तो मला. खेळाडूच्या पहिल्या मोसमातलं कार्ड म्हणजे रूकी कार्ड. पुढे खेळाडू मोठा झाला की भाव त्याला. एवढ्याच माहितीवर मी खिशात हात घातला. पुढचं शिक्षण पैसे मोजून झालं.

१. जुनं ते सोनं नव्हे. एका गॅरेज सेलमध्ये ८० डॉलरला खोकं घेतलं. दीड हजार कार्डं, १९८७ ते १९९१ची. दुसऱ्या दिवशी कार्डांच्या दुकानात नेलं, तर दुकानदाराने झाकणही न उघडता साल विचारलं आणि मान हलवली. कार्डांना किंमत येते हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं होतं. कंपन्यांनी बेसुमार छापली, लोकांनी ती जिवापाड जपली, म्हणून आज कोणाला नकोत. त्या काळाला इथे ‘जंक वॅक्स’ म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटांचा मेणकागद, जंक म्हणजे काय ते सांगायला नको.

याच्या अगदी उलट कथा टॉप्स कंपनीच्या १९५२च्या कार्डांची. न खपलेला साठा गोदामात जागा अडवत होता. १९६० साली कंपनीच्या साय बर्जर यांनी तो बार्जवर लादून न्यू जर्सीजवळ समुद्रात बुडवला, असं त्यांनीच पुढे सांगितलं. आम्ही किनाऱ्यावर फिरायला गेलो की बायको पाण्याकडे बोट दाखवून म्हणते, “जा, शोधा.”

२. रूकी कोणतं, ते आधी नीट विचारा. मिकी मँटलचं १९५२चं टॉप्स कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, तेव्हा मी चारचौघांत त्याला रूकी म्हणून बसलो. एका म्हाताऱ्या संग्राहकाने तिथल्या तिथे दुरुस्त केलं: मँटलचं रूकी १९५१चं, बोमन कंपनीचं. आता निदान खूण तरी आहे. २००६पासून मेजर लीगमध्ये पोचलेल्या नवख्याच्या कार्डावर ‘आरसी’ हा शिक्का असतो. पण त्याच्या कितीतरी आधी, पोरगा खालच्या लीगमध्ये असतानाच, बोमन त्याचं पहिलं कार्ड काढते. ते रूकी नव्हे, तरी कधी कधी रूकीहून महाग. माइक ट्राउटचं रूकी २०११चं. ऑगस्ट २०२०मध्ये ३९ लाख डॉलरला विकलेलं सहीचं एकमेव कार्ड मात्र २००९चं बोमन.

नव्या माणसाने या होतकरूंच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विशीतल्या एका पिचरच्या कार्डांवर मी ३०० डॉलर लावले. त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि माझ्या पैशांचीही.

३. पाकिटं फोडणं ही करमणूक आहे. लॉस एंजेलिसच्या ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात पॉल स्कीन्सचं जगात एकच असलेलं कार्ड लागलं. मार्च २०२५मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला गेलं. ती बातमी दाखवून आमच्या चिरंजीवांनी डबाभर पाकिटं वसूल केली. त्यात काय निघालं ते विचारू नका. हवं ते कार्ड सुटं घ्यावं.

४. ईबेवर मागितलेला भाव वाचू नका. विकल्या गेलेल्या कार्डांची यादी वेगळी दिसते, तिच्यातला आकडा खरा.

५. भिंग घ्या. केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९चं अप्पर डेक कार्ड, त्या संचातलं १ नंबरचं, मला ७५ डॉलरला मिळालं. जंक वॅक्सच्या काळातलं असूनही याला मान आहे. डोळ्यांना अगदी कोरं दिसत होतं, म्हणून ग्रेडिंगला पाठवलं. तिथे चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसे आहेत हे बघून १० पैकी गुण देतात. १० मिळाले असते तर हजार डॉलरच्या वर गेलं असतं. मिळाले ८. घरी आणून भिंगाखाली धरलं तर खालचा डावा कोपरा किंचित बसलेला, आधी पाहिला असता तर टपालखर्च आणि फी दोन्ही वाचली असती. भिंगाचा दुसरा उपयोग म्हणजे छपाई तपासणं. खुद्द टॉप्सनेच १९८३मध्ये १९५२चा संच पुन्हा छापला होता, तेव्हा कोणी स्वस्तात मँटल देऊ लागला तर मागची बाजूही वाचा.

६. कार्ड हातात आलं की आधी पातळ पेनी स्लीव्हमध्ये, मग कडक टॉपलोडरमध्ये. रबर बँड लावू नका. दमट बेसमेंटमध्ये ठेवू नका.

ग्रिफी आता मुलाच्या टेबलावर आहे. दीड हजार कार्डांचं खोकं अजून गॅरेजमध्येच आहे. एडिसनच्या आसपास राहत असाल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत.