इशारा पातळी आधीच आखून ठेव

बाळ,

परवा तू फोनवर विचारलंस, "मामा, डॉक्टरांनी रोज बीपी मोजून लिहून आणायला सांगितलंय. वहीत लिहू की एक्सेलमध्ये?" तेव्हा घाईत एवढंच म्हणालो, की शीटमध्येच लिही. आता कारणांसकट सांगतो.

पतसंस्थेत माझी पस्तीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिण्यात गेली. 2008 मध्ये मला बीपीची गोळी लागली, त्या दिवसापासून स्वतःचीही कीर्द लिहायला लागलो. अकरा वर्षं ती वहीत होती. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली आणि कुंभार गल्लीतल्या आपल्या घरात पाणी शिरलं. माणसं, दागिने, घराचे कागद वर नेले. वही कपाटाच्या खालच्या खणातच राहिली. पाणी ओसरल्यावर हाताला लागला तो नुसता लगदा. 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं, पण तोवर नोंदी फोनवरच्या गुगल शीटमध्ये होत्या. त्यातला एकही आकडा गेला नाही.

आधी बस, मग मोज

चुकीचं माप नीटनेटकं लिहून ठेवलं तरी चुकीचंच राहतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नको, तंबाखू नको, जिना चढउतार नको. लघवीला जाऊन ये. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बस. पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांध, हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकव आणि मोजताना बोलू नको. पट्टा दंडाच्या मापाचा घे. लहान पट्टा ओढूनताणून बांधला, तर आकडा खोटाच जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोज आणि दोन्ही आकडे लिही. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, असं सात दिवस कर. सरासरी काढताना पहिला दिवस सोडून दे, त्या दिवशी मनात धाकधूक असते.

आईची साखर तूच मोजतेस, म्हणून तेही सांगतो. आधी साबणाने हात धुऊन कोरडे करायला लाव. गूळ फोडलेल्या बोटाला सुई टोचलीस, तर यंत्र बोटावरचा गूळही मोजेल. साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद कर, आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवत नाही. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून धरायचे.

एका रकान्यात एकच आकडा

बीपी 130/80 असं एकत्र लिहिलंस, तर शीट त्याला आकडा मानत नाही. मग सरासरी निघत नाही की आलेख येत नाही. वरचा आकडा एका रकान्यात, खालचा दुसऱ्यात, नाडी तिसऱ्यात. उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर यांचेही रकाने वेगळे ठेव, नाहीतर दातेरी करवतीसारखा आलेख येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत निवड, नाहीतर 3 ऑगस्टचा 8 मार्च होतो. अंक इंग्रजीच टाक. देवनागरी अंकांना शीट अक्षरं समजू शकतं.

एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं, तर रकाना मोकळा सोड, शून्य लिहू नको. 130, 134, 132 यांची सरासरी 132. चौथ्या दिवशी शून्य टाकलंस तर तीच 99 होते. मोकळा रकाना मात्र सरासरीचं सूत्र आपोआप वगळतं.

कीर्दीत खाडाखोड नाही

ही माझ्या हातून घडलेली चूक आहे. सुरुवातीला आकडा जास्त आला, की तो लिहायचाच नाही आणि चांगला येईपर्यंत मोजत राहायचं, असं मी करायचो. वही बघून डॉक्टर खूश आणि मीही. वर्षभर कमी पडणारा डोस तसाच चालू राहिला. दवाखान्यात मोजलं की जास्त, वहीत मात्र सगळं छान. डॉक्टरांना वाटलं, दवाखान्याच्या भीतीने वाढत असेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातली खाडाखोड पकडणारा माणूस मी, आणि स्वतःच्याच कीर्दीत खोटं लिहिलं. आकडा विचित्र वाटला तरी लिही आणि शेजारी शेरा दे.

शेऱ्याचा रकाना भरत जा

"झोप कमी", "प्रवास", "गोळी विसरले", "लग्नाचं जेवण" असे दोन-तीन शब्द पुरतात. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा झाला, की सोमवारी माझं वजन पाऊण किलो जास्त दिसतं आणि बुधवारपर्यंत उतरतं. ती चरबी नसते. मिठाने अंगात धरून ठेवलेलं पाणी असतं. शेरा नसता तर मी दर सोमवारी उगाच घाबरलो असतो. मिठाचं माप दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात पापड-लोणचंही आलं.

दोन रेघा आधीच आख

माझा मुख्य कानमंत्र हाच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर एकमेकांना विचारतं, "किती फूट झालं? चढतंय की उतरतंय?" 38 फूट आणि उतरतंय म्हटल्यावर माणूस झोपतो. 36 फूट आणि भराभर चढतंय म्हटल्यावर गोठ्यातली जनावरं हलवतो. कुठल्या फुटाला काय करायचं, हे पाणी दारात आल्यावर ठरवायचं नसतं.

शीटमध्येही तसंच कर. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याहून वर राहिली, तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यातल्या मापाला ती रेघ 140/90 ची. तुझ्या डॉक्टरांना विचारून तुझी इशारा पातळी ठरव, तो आकडा एका जादा रकान्यात खालपर्यंत भर, म्हणजे आलेखात आडवी सरळ रेघ येईल. धोका पातळी 180/120. तिथे पोचलीस तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोज. तरीही तेवढंच असेल तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत बसायचं नाही, थेट 108 ला फोन करायचा.

आईच्या साखरेला खालूनही धोका पातळी आहे. 70 च्या खाली गेली, की तीन चमचे साखर पाण्यात घालून दे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. हे सगळं शीटच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेव. घाबरलेल्या वेळी आठवत नाही, पण वाचता येतं.

रोजचा आकडा बघ, पण सरासरीवर बोल

बीपी तासातासाला बदलतं. आज 142, उद्या 128, यावरून काही ठरवायचं नाही. सात दिवसांच्या सरासरीचा एक रकाना कर आणि आलेख त्याचा काढ. अंगणवाडीच्या कार्डावर बाळाचं वजन बघताना ताईही महिन्यामहिन्याची रेघ वर चाललीय की आडवी पडलीय, तेच बघते. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए1सी तपासणीही सरासरीचीच भाषा बोलते.

वजनाबरोबर कंबरही मोज

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी लपून बसते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणून महिन्यातून एकदा टेपने कंबर मोज. आपल्याकडे बायकांना 80 सेंटिमीटर आणि पुरुषांना 90 सेंटिमीटर ही इशारा पातळी समज.

डॉक्टरांपुढे एका पानाचा ताळेबंद

डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. तीनशे ओळी दाखवू नकोस. एक आलेख, सकाळ-संध्याकाळच्या सरासऱ्या, गोळ्यांची नावं आणि डोस कधी बदलला त्या तारखा, एवढं एका पानावर छापून ने. तुझं यंत्रही एकदा सोबत ने आणि त्यांच्या यंत्राशी ताडून बघ. आणि एक वचन दे, की रेघ कितीही छान उतरली तरी गोळी स्वतःच्या मनाने बंद करणार नाहीस. रेघ उतरलीय ती बहुतेक त्या गोळीमुळेच.

आपल्या बाहेरच्या खोलीत 2019 च्या पाण्याची रेघ अजून भिंतीवर आहे, माझ्या छातीइतक्या उंचीवर. रंग देताना तेवढी जागा मी मुद्दाम सोडली. पाणी येऊन गेल्यावर उमटलेली रेघ आहे ती. तुझी रेघ तू पाणी येण्याआधी आखू शकतेस, म्हणून हे एवढं सांगितलं.

उद्या सकाळपासून सुरू कर. आठव्या दिवशी फोन कर आणि पहिला दिवस सोडून सहा दिवसांची सरासरी सांग. आकडा कसाही असो, खरा सांग.

तुझा,
मामा