मधमाश्यांची पेटी कशी असावी

मधमाशी हा एक उपयुक्त कीटक आहे. माशी मध आणि मेण देते हे पहिलीतली मुलंसुद्धा सांगतील. पण आमच्या बारामती-इंदापूर भागात तिचं मोठं काम फुलांवर चालतं. कांद्याचं बी, सूर्यफूल, डाळिंब, दोडका, शेवगा यांच्या फुलांवर माशी बसली की एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला लागतात आणि दाणे व फळे चांगली धरतात. आमचा अर्धा एकर कांदा बियाण्यासाठी असतो. ज्या साली माशी कमी येते त्या साली गोंडे नुसतेच वाळतात, चोळले तर हातात बी थोडंच येतं. म्हणून आमच्या घरी सातेरी माश्यांची पेटी आहे. ही दुसरी पेटी. पहिलीची हकीगत पुढे येईल.

आमच्याकडे माश्यांच्या मुख्य जाती चार. आग्या माशी मोठी व फार तापट. एमआयडीसीत पाण्याच्या उंच टाकीला आणि गावात वडाला तिची मोहोळं लोंबतात. फुलोरी बारीक असते, ती बाभळीच्या फांदीवर टीचभर पोळं करते. या दोघी उघड्यावर एकच पोळं बांधतात, म्हणून त्या पेटीत राहत नाहीत. कितीही चांगली पेटी करा, उपयोग नाही. सातेरी मात्र विहिरीच्या कपारीत नाहीतर झाडाच्या ढोलीत अंधारात राहते, आणि एकाशेजारी एक अशी पाच-सहा पोळी बांधते. बाहेरच्या देशातून आणलेली मेलिफेरा माशीही तशीच. म्हणजे पेटी ही माणसानं केलेली ढोलीच आहे.

पूर्वी लोक मडक्यात किंवा पोकळ ओंडक्यात माश्या पाळत. हिमाचल प्रदेशात घराच्या जाड भिंतीतच कोनाडा ठेवतात, बाहेरून माश्यांना एक भोक आणि आतून घरच्यांना एक झाकण. भिंत जाड असल्यामुळे थंडी-ऊन लागत नाही. मला ती युक्ती फार आवडली. पण मडक्यातला मध काढायचा तर पोळं तोडावं लागतं. १ किलो मेण तयार करायला माश्यांना ६ ते ८ किलो मध खर्च होतो असं पुस्तकात दिलेलं आहे. पोळं तोडलं म्हणजे त्यांची केवढी मेहनत गेली!

यावर अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ साली उपाय शोधला. त्याच्या लक्षात आलं की दोन पोळ्यांत किंवा पोळं आणि भिंतीत साधारण ८ मिलीमीटर जागा ठेवली तर माश्या ती जाण्यायेण्यासाठी मोकळी ठेवतात. जागा जास्त झाली तर तिथं आडवंतिडवं पोळं बांधतात, मग चौकट उचलायला गेलं की सगळं चिकटून फाटतं. कमी झाली तर माशीला तिथं शिरता येत नाही. म्हणून पेटीत सगळा हिशोब या ८ मिलीमीटरचा आहे. सातेरीला एका चौकटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारे ३ सेंटीमीटर अंतर लागतं, मेलिफेराला साडेतीन.

पेटीचे भाग असे. खाली तळपाट, त्यावर पिलांचा कोठा, त्यावर मधाचा कोठा, वर आतलं झाकण आणि बाहेरचं झाकण. राणी खालच्या कोठ्यात अंडी घालते. वरच्या कोठ्यातला मध आपला.

आता पहिली पेटी. माझे चुलते महाबळेश्वरला मध संचालनालयात शिकून आले. (त्याच तालुक्यातलं मांघर हे २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. पुण्यातही १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.) येताना त्यांनी माश्यांची वसाहत आणली. अण्णांनी घाईनं पातळ प्लायवूडची पेटी केली, वर पत्रा ठोकला आणि गोठ्याच्या दक्षिणेला उन्हात ठेवली. आणि ते रोज झाकण उघडून बघायचे. चैत्रात ऊन वाढलं. पिलांच्या कोठ्यात माश्या ३४-३५ अंश उष्णता ठेवतात, आणि आमच्याकडे बाहेरच ४० च्या वर जाते. माश्या दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालायच्या, पाणी आणून आत शिंपडायच्या. सगळ्या त्याच कामाला लागल्या तर फुलांवर कोण जाणार? वैशाखात एके दिवशी सकाळी राणीसकट सगळ्या उडून गेल्या. त्या साली कांद्याचं बी निम्मंच झालं. सातेरीला उन्हाचा, भुकेचा किंवा उघडझापीचा त्रास झाला की ती घर सोडते.

दुसरी पेटी करताना चुलत्यांनी सांगितलं, मेहनत आधी करायची, मग पेटीला हात कमी लावायचा. सुतारमामांनी एक इंच जाडीच्या फळ्या घेतल्या. एमआयडीसीत यंत्रांची खोकी येतात, त्यांच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण त्यातल्या काहींना औषध मारलेलं असतं म्हणून त्या घेतल्या नाहीत. रंग फक्त बाहेरून दिला. आतून नुसतं लाकूड. दार पूर्वेला, म्हणजे सकाळी ऊन येतं आणि माश्या लवकर कामाला लागतात. पेटी पुढच्या बाजूला थोडी उतरती ठेवली, त्यामुळे पावसाचं पाणी आत थांबत नाही. जागा निंबाखालची, आणि पत्र्याच्या झाकणावर उसाच्या पाचटाचा जाड थर. पाचट आमच्याकडे लोक पेटवून देतात, पण त्याच्यासारखी फुकट सावली नाही.

मुंगळे फार वाईट. स्टँडचे चार पाय चार डबड्यांत ठेवले, डबड्यांत पाणी आणि वर जळकं ऑईल. ऑईल असलं की पाणी लवकर आटत नाही आणि डासही होत नाहीत. त्यात माश्या पडू नयेत म्हणून पायाला वरून पत्र्याची टोपी केली. जवळच परातीत पाणी आणि खडे ठेवले, खड्यावर बसून माशी पाणी पिते. हे परातीचं काम माझ्याकडे आहे.

मेणकिडा म्हणजे एका पतंगाची अळी. ती मोकळ्या पोळ्यात जाळी करते. पोळ्यावर माश्यांची दाटी असली तर त्या अळीला स्वतःच ओढून बाहेर टाकतात. म्हणून माश्या झाकतील तेवढ्याच चौकटी ठेवायच्या. जास्त चौकटी दिल्या म्हणजे मध जास्त मिळतो असं नाही. फार काळी पडलेली पोळी बदलायची, आणि फळ्यांत फट ठेवायची नाही.

पेटी आता पंधरा दिवसांनी एकदाच उघडतात. बाकी दिवस मी दारात बघतो. पायाला पिवळे गोळे घेऊन माश्या आत जातायत म्हणजे आत पिलं आहेत. पेटी मागून थोडी उचलली की वजनावरून मध कळतो. मध काढताना खालच्या कोठ्याला हात लावत नाहीत, तो त्यांचा उन्हाळ्याचा शिधा. यंदा वरच्या कोठ्यातून पावणेदोन किलो निघाला. आई म्हणाली एवढाच? पण अण्णा काही बोलले नाहीत. पेटी बसवताना त्यांनी सांगितलं होतं, "ह्या बारीला उडाल्या तर फळ्यांचं खुराडं करीन."

एक गोष्ट मात्र पेटी कितीही चांगली केली तरी पेटीच्या हातात नाही. फाल्गुनात जवळच्या एका बागेत सकाळी दहा वाजता औषध मारलं. डाळिंब फुलात होतं. दुपारपर्यंत आमच्या पेटीपुढं मेलेल्या माश्यांचा सडा पडला. मी मोजायला लागलो, दोनशेपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. अण्णा भांडायला निघाले होते. आजी म्हणाली, तू थांब, मी जाते. तिनं त्या काकांना सांगितलं, "बाबा, तुझ्याबी डाळिंबाला ह्याच माश्या येत्यात. मारायचं ते मार, पण दिस मावळल्यावर मार, अन् आदल्या दिशी सांगावा धाड." आता ते सांगावा धाडतात. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या की चुलते दाराला बारीक जाळी लावतात आणि पेटीवर ओलं बारदान टाकतात. सकाळी ऊन चढायच्या आत जाळी काढायची. दिवसभर कोंडलं तर उकाड्यानं मेण मऊ होऊन पोळं तुटून पडतं.

यंदाचा वैशाख गेला. माश्या आहेत. मेलेल्यांच्या जागी नव्या झाल्या, कारण सातेरीची कामकरी माशी अंड्यापासून सुमारे २० दिवसांत तयार होते. चौकटींची मापं मी परिसर अभ्यासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहेत. ज्यांना घरी पेटी करायची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत वही मागावी, पण घरी नेऊ नये.