तहानेचा हिशेब : वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि आपला ऊस



मागच्या गटसभेत एक वयस्कर सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ऊस पाणी पितो म्हणून जो तो आम्हाला बोल लावतो. मग धान काय हवेवर येते?" सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पीक किती पाणी पिते, पाणी तुटले की काय करते, आणि एक पीक तगते तेथे दुसरे का मरते, या प्रश्नांवर शंभर वर्षांपूर्वी आपल्या विदर्भातल्याच एका माणसाने अभ्यास केला होता. त्याची माहिती आपल्या भागात फार थोड्यांना आहे, म्हणून आजचा पाठ त्याच्यापासून सुरू करतो.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्याला झाला. टिळकांच्या काळातला हा तरुण, डोक्यात देश स्वतंत्र करण्याचे वेड. १९०६ च्या सुमारास ते परदेशी गेले, जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले आणि पुढे गदर चळवळीत सामील झाले. त्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते या कामासाठी. पण अमेरिकेत ते कॉलेजात शिकत होते शेती. शेतकऱ्याचे पोट भरल्याशिवाय स्वराज्याला अर्थ नाही, अशी त्यांची धारणा होती.

पश्चिम अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पुलमन नावाचे गाव आहे. तेथल्या सरकारी कॉलेजात ते होते. तो सारा कोरडवाहू गव्हाचा मुलूख. पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात, आणि पश्चिमेकडे सरकावे तसतसा तो कमी होत जातो. अशा ठिकाणी बसून त्यांनी विषय घेतला पाण्याचा. वनस्पतींची पाण्याची गरज कशाकशाने कमीजास्त होते, यावरचा त्यांचा लेख १९१४ साली अमेरिकेच्या कृषिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

आता ही 'पाण्याची गरज' म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. पीक मुळाने पाणी ओढते आणि त्यातले बहुतेक पानांवाटे वाफ करून सोडते. अंगात ठेवते ते फार थोडे. म्हणून शास्त्रज्ञ असे मोजतात : एक किलो वाळलेला पालापाचोळा, कांडे, दाणे असे सगळे मिळून तयार व्हायला किती किलो पाणी पानांतून गेले? त्या काळची मोजण्याची रीत साधी, पण चिकाटीची होती. डब्यात माती भरायची, वरून झाकण लावून मातीतून वाफ जाऊ द्यायची नाही, रोप झाकणाच्या भोकातून वर काढायचे. मग डबा रोज तोलायचा, जितके वजन घटले तितके पाणी घालायचे आणि लिहून ठेवायचे. पीक निघाले की वाळवून तोलायचे. महिनोन्‌महिने हेच. आपल्याकडे वजनकाट्यावर गाडी चढवतो तसे रोपाला रोज काट्यावर चढवायचे, एवढेच म्हणा.

त्याच सुमारास कोलोरॅडोत ब्रिग्ज आणि शँट्झ या दोघांनी अनेक पिके अशी तोलली. ज्वारी व मका यांना एका किलोमागे साधारण ३२० ते ३७० किलो पाणी लागले. गव्हाला पाचशेच्या वर, धानाला सातशेच्या आसपास, आणि लसूणघासाला आठशेहून जास्त. गटसभेतल्या बुवांचा प्रश्न वायफळ नव्हता, हे आता लक्षात येईल.

ऊस हा ज्वारी-मक्याच्या भावकीतला. हे पक्के कळायला १९६५-६६ साल उजाडले. हवाई बेटांत उसाच्या मळेवाल्यांच्या प्रयोगशाळेत आणि नंतर ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत हॅच व स्लॅक यांनी दाखवून दिले की ऊस हवेतला कर्बवायू वेगळ्या रीतीने पकडतो. पानाची छिद्रे थोडी उघडली तरी त्याचे काम भागते. छिद्रे कमी उघडी म्हणजे वाफ कमी. तेव्हा किलोमागे ऊस उधळ्या नाही, चांगला काटकसरी आहे. मग बोल का लागतो? कारण तो शेतात बारा महिने उभा असतो, आणि एकरी माल काढतो तो धानाच्या कितीतरी पट. काटकसरी माणसाचे कुटुंब मोठे असले की खर्च दिसतोच. शिवाय आपण सरीत जे सोडतो त्यातले बरेचसे ऊस पितच नाही. ते खाली झिरपते किंवा उघड्या मातीवरून उडते. तो दोष उसाचा नव्हे, आपला.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नेब्रास्कात मॉंटगोमेरी आणि किसेलबाख यांनी मका वेगवेगळ्या मातीत लावून पाहिला. नापीक मातीत एका किलोला सुमारे ५५० किलो पाणी गेले. त्याच मातीत शेणखत घातले तर ३५० वर आले. सुपीक मातीत मुळातच ३९० होते, तेथे खताने फरक थोडाच पडला. म्हणजे उपाशी पीक पाणी उधळते! अन्न नाही म्हणून वाढत नाही, पण पाने तर उन्हात आहेत, वाफ चालूच. ज्या सभासदाच्या शेतात सेंद्रिय खताची गाडी पाच वर्षांत गेली नाही, त्याचे विहिरीचे निम्मे पाणी फुकट जाते असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार होणार नाही.

खानखोज्यांकडे परत येऊ. पहिल्या महायुद्धात ते इराणकडे लढायला गेले, तेथून बर्लिन, मॉस्को असा प्रवास झाला. हिंदुस्थानात परत येण्याची सोय राहिली नव्हती. शेवटी १९२४ मध्ये ते मेक्सिकोत स्थिरावले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाले. ते पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच. पाऊस चार-पाच महिनेच, आणि तो संपतो न संपतो तोच रात्रीचे दव गोठून उभे पीक करपते. अशा जमिनीत तगणारा, रोगाला दाद न देणारा गहू निवडणे, आणि मका सुधारणे, हे त्यांचे काम. मक्याचा एक रानटी सोयरा तेथे बांधाबांधावर उगवतो, त्याला तेओसिंते म्हणतात. दाणा टीचभर, पण अंगात काटकपणा. त्याचा मक्याशी संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले. गरीब शेतकऱ्यांसाठी गावोगाव मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोचे थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी सरकारी इमारतीच्या भिंतीवर भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या रूपात त्यांना रंगवले. वर्ध्याचा माणूस तेथे भिंतीवर आहे.

रानटी सोयऱ्याचा हा उपाय उसाच्या बाबतीत आपल्याच देशात आधी झाला होता. वैनगंगेच्या काठी, नाल्याच्या थडीला पावसाळा सरताना पांढरे तुरे फुटलेले कांस गवत आपण सारे पाहतो. गुरेही त्याला फारसे तोंड लावत नाहीत. हे गवत उसाचे चुलतभावंड. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड्या गोड उसाचा या कांसाशी संकर केला, आणि १९१८ मध्ये को २०५ हा वाण बाहेर पडला. उत्तरेकडची थंडी, कोरड आणि पाणथळ सोसणारा ऊस त्यातून मिळाला. आज आपल्या शेतात को ८६०३२ असो की पाडेगावचा खारवट जमीन सोसणारा फुले २६५, कोइमतूरच्या संकरांतून उतरलेल्या घराण्यात कांसाचे रक्त आहेच.

पण वाण काटक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ताण सोसण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. आपल्याकडे उतारावरच्या बांधीत हलके धान लावतात आणि तलावाखाली भारी धान. हलके धान ताण सोसत नाही, ते ताण येण्याआधी घरी येते. ही पळवाट झाली. उसाला ती नाही, त्याला उन्हाळा काढावाच लागतो. तो मुळे खोल घालतो, पानाची सुरळी करतो, खालची पाने वाळवून टाकतो. हे सगळे तो करतो, पण फुकट नाही. सुरळी केलेले पान साखर बनवत नाही.

सुरू उसाची लावण आपण जानेवारी-फेब्रुवारीत करतो. फुटव्यांचा काळ नेमका एप्रिल-मे मध्ये येतो, पारा ४५ च्या घरात असताना. ताणाला ऊस सर्वांत नाजूक असतो तो याच वेळी. आता गेलेले फुटवे पुढे पाऊस कितीही पडला तरी भरून येत नाहीत. म्हणून बोडीत, विहिरीत जे काही पाणी असेल ते या दोन महिन्यांसाठी राखा. सरीत पाचट पसरा, पेटवू नका. पाणी अगदीच तुटले तर एक आड एक सरी भिजवा. दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश व दोन टक्के युरिया यांची फवारणी पंधरा-वीस दिवसांनी करावी, पोटॅशने पानाची छिद्रे ताब्यात राहतात. पुढच्या लावणीला बेणे तासभर चुन्याच्या निवळीत बुडवून लावले तर रोप सुरुवातीपासून ताणाला सरावते. आणि धानाच्या बांधीला लागून ऊस असेल तर मध्ये चर काढायला विसरू नका. पावसाळ्यात पाझराने मुळे कुजली की हाच ऊस ऑक्टोबरात पाण्यावाचून वाळल्यासारखा दिसतो, आणि आपण त्याला आणखी पाणी देतो.

या भागात ऊस काही नवा नाही. कोहळी लोकांनी नवेगावबांधसारखे तलाव बांधले ते धानाबरोबर उसासाठीही. पाण्याचा हिशेब त्यांना डबे न तोलता कळत होता.

खानखोजे १९४९ मध्ये भारतात येऊन गेले. इंग्रजांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव स्वराज्य आल्यावरही तसेच राहिले होते, त्यामुळे परवानगीला वेळ लागला. मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयी त्यांचा सल्ला घेतला. पुढे ते नागपूरला कायमचे राहिले आणि जानेवारी १९६७ मध्ये तेथेच वारले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ साली, मेक्सिकोतून गव्हाचे १८,००० टन बियाणे भारतात उतरले होते. २०२२ च्या सप्टेंबरात चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला.

ज्या सभासदांना स्वतः पडताळा पाहायचा असेल त्यांनी यंदा चार सऱ्यांत पाचट ठेवावे, चार सऱ्या उघड्या ठेवाव्यात, पाणी सारखेच द्यावे आणि मेअखेर दोन्हीकडचे फुटवे मोजून आकडे पुढील गटसभेत आणावेत. मोजणी एकाच माणसाने करावी, नाहीतर भांडण होते.