वस्तीचे मंडळ : ठरावाकडून कृतीकडे



वाडीवस्तीच्या सुधारणेसाठी मंडळ स्थापन करणे ही आपल्या कोकणातील जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोली येथे 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' उभी केली. पुढे रोजगारासाठी मुंबईस गेलेल्या आपल्या माणसांनी चाळीतील खोल्यांतून गावोगावची मंडळे चालविली. गिरणीच्या पगारातून वर्गणी काढावयाची आणि त्यातून गावच्या कामाला हातभार लावावयाचा, अशी ही पद्धत होती.

दिनांक 20 जुलै 1924 रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली. वसतिगृह आणि वाचनालय ही तिची पहिली कामे होती. 1925 मध्ये सोलापूर येथे सभेचे वसतिगृह सुरू झाले.

परंतु मंडळाची खरी कसोटी महाडला लागली. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही प्रत्यक्षात कोणालाही पाणी घेता येईना. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसह हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल 1937 साली लागला. म्हणजे ठरावानंतर कृती आणि कृतीनंतर दहा वर्षांचा पाठपुरावा!

आपल्या खारेपाटणला ताम्रपटाचा इतिहास आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. 1008 चा ताम्रपट येथेच मिळाला. राजाची दाने तांब्यावर कोरली गेली; आपल्या वाडवडिलांनी श्रमदानाने केलेली कामे मात्र कोठेच लिहिलेली नाहीत. मंडळाचे इतिवृत्त आणि जमाखर्चाची वही हाच आपला ताम्रपट होय.

म्हणून प्रत्येक ठरावापुढे जबाबदार सभासदाचे नाव, मुदत आणि खर्चाची रक्कम लिहावी. पुढील सभेत प्रथम त्याचाच जाब घ्यावा. पावतीशिवाय वर्गणी घेऊ नये. कार्यकारिणीत भगिनींना केवळ नावापुरते नव्हे, तर खजिनदारपदीही स्थान द्यावे. विद्यार्थ्यांनी ज्येष्ठांना भेटून विहीर, पाखाडी, विहार केव्हा व कसे झाले, ते आजच टिपून ठेवावे. सांगणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!