दिव्यांगांचे अनुदान : अर्जाच्या तीन पायऱ्या

दिव्यांग व्यक्तीला मिळणारे अनुदान ही कोणाची मेहेरबानी नसून तो हक्क आहे. तरीही अनेक पात्र माणसे कागदपत्रांच्या धास्तीने अर्जच करीत नाहीत. म्हणून समाजबांधवांनी अर्जाचा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली पायरी दाखल्याची. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलचाही त्यात समावेश आहे. स्वावलंबन संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. दाखला नाकारल्यास लेखी कारण मागावे. कायद्यात अपिलाची तरतूद आहे.

दुसरी पायरी तहसील कार्यालयाची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जास अपंगत्वाचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला जोडावा. अर्जाची पोच अवश्य घ्यावी व जपून ठेवावी.

तिसरी पायरी बँकेची. अनुदान मंजूर असते, पण खातेदाराला ते सापडत नाही, असे आम्हां बँक कर्मचाऱ्यांना अनेकदा दिसते. आधारद्वारे येणारी रक्कम, ज्या खात्याशी आधार शेवटी जोडला त्याच खात्यात जाते. म्हणून नवे खाते उघडताना विचारपूर्वक संमती द्यावी. दाखला, आधार व पासबुक यांवरील नाव एकसारखे असावे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीतील निदान एका व्यक्तीचा अर्ज भरून द्या आणि पहिली रक्कम हाती पडेपर्यंत तिच्यासोबत राहा.