शब्द दिला की नोंद केली

बयो, पुण्यातली नोकरी सोडून तू हर्णेला घरी बसून लेखन-अनुवादाची कामं घेणार, याचा मला फार आनंद झाला. कामांची यादी ठेवायला कुठलं ॲप घेऊ, असं तू विचारलंस. ॲपची नावं सांगतेच, पण आधी एक गोष्ट मनात पक्की धर. नोकरीत साहेब आठवण करून देतो, मुक्त लेखकाला कुणी देत नाही. मजकूर वेळेवर आला नाही तर संपादक भांडत बसत नाही, पुढच्या खेपेला दुसऱ्याला विचारतो. दिलेला शब्द हेच आपलं भांडवल. त्याची राखण करील ती यादी चांगली, मग ती दिसायला कशीही असो.

आधी कामं निवड, मग ॲप

बंदरावर होड्या लागल्या की लिलावाआधी काय चालतं ते तू लहानपणापासून बघतेस. पापलेट वेगळं, सुरमई वेगळी, कोळंबी वेगळी. सगळ्याचा एकच ढीग घातला तर बोली कशावर लावायची? कामांचंही असंच आहे. आठवडाभर साध्या कागदावर सगळी कामं लिही आणि बघ, तुझ्याकडे कुठली जास्त आहेत.

तारखांची कामं जास्त असतील, म्हणजे दर सोमवारचं सदर, महिन्याचं वार्तापत्र, तर मायक्रोसॉफ्ट टू डू किंवा टोडोइस्ट घे. परत परत येणारं काम एकदा लावून ठेवलं की ते आपसूक पुढच्या तारखेला येतं. टू डूमधली 'माय डे'ची यादी रोज रात्री रिकामी होते आणि सकाळी आजची कामं नव्यानं निवडावी लागतात. ही सवय फार चांगली.

पुस्तकाच्या अनुवादासारखं टप्प्यांचं काम असेल तर ट्रेलो. प्रकरणागणिक एक कार्ड कर आणि ते 'कच्चा मसुदा', 'तपासणी', 'संपादकाकडे', 'प्रुफं' अशा रकान्यांतून पुढे सरकव. कुठलं प्रकरण अडकलंय ते एका नजरेत कळतं. नुसते सुचलेले विषय टिपायला गूगल कीप पुरे. नोशनमध्ये यातलं सगळं होतं, पण ते मांडण्यातच दिवस जातात, म्हणून सुरुवातीला नको.

पावसाळा धरून चाल

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा हंगाम ठरून गेलाय. अंक येतो दिवाळीत, पण लेख द्यायचे असतात ऐन पावसात, आणि तेव्हाच आपल्याकडे वीज नि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. म्हणून इंटरनेट नसताना चालेल तेच ॲप आपलं.

याची परीक्षा घरीच घे. फोन विमान मोडवर टाक. ॲपमध्ये मराठीत एक काम लिही, ॲप पूर्ण बंद कर, परत उघड. नोंद जागेवर आहे का? मग रेंज चालू कर आणि तीच नोंद संगणकावर उमटली का बघ. शेवटी 'अनुवाद' असं देवनागरीत शोधून ती सापडते का तेही पाहा. नोशनमध्ये इंटरनेटशिवाय काम करायची सोय 2025 च्या ऑगस्टमध्ये आली, पण हवी ती पानं आधी उतरवून ठेवावी लागतात.

यादी बाहेर काढता आली पाहिजे

वंडरलिस्ट हे एके काळी लोकांचं लाडकं ॲप होतं. मायक्रोसॉफ्टनं ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि 6 मे 2020 ला बंद केलं. एव्हरनोटनं डिसेंबर 2023 पासून फुकट वापरणाऱ्यांना 50 टिपणांची मर्यादा घातली. कंपनीचा विचार कधी बदलेल ते आपल्या हातात नाही. म्हणून ॲप घेतानाच सेटिंगमध्ये जाऊन आपली यादी फाइल म्हणून उतरवून घेता येते का ते बघ, आणि दर महिन्याला ती उतरवून ठेव. येत्या महिन्याच्या तारखा आणि संपादकांचे फोन नंबर वहीतही लिही. वही चार्ज करावी लागत नाही.

नोंद अशी लिही

'दिवाळी लेख' एवढंच लिहिलंस तर ती ओळ महिनाभर तुझ्याकडे बघत राहील आणि तू तिच्याकडे. 'लिलावावरचा लेख: मुलाखत कागदावर उतरवणे' असं लिही, म्हणजे बसल्या बसल्या काय करायचं ते कळतं. सोबत दोन तारखा टाक, संपादकाची आणि त्याच्या चार दिवस आधीची स्वतःची. आठवण आपल्या तारखेची लाव.

मानधन येईतो काम पुरं नाही

लेख पाठवला की खूण करून मोकळी होऊ नकोस. त्याच नोंदीखाली लिही: बिल पाठवलं, अंक हाती आला, मानधन जमा झालं, टीडीएस कापला असेल तर तो आपल्या पॅनवर दिसला. शेवटची खूण झाली की मगच नोंद मिटव. पैशाची आठवण करून देण्यात लाज कसली? तारीख समोर असली की पत्रही नीट, शांतपणे लिहिता येतं.

स्वतःचं लेखन यादीत वर

आपल्याच तालुक्यातल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. ती सांभाळून त्यांनी 'गारंबीचा बापू' लिहिली, ती 1952 साली आली. त्यांना नोकरीचे तास ठरलेले होते; तुझे तास तुलाच ठरवायचे आहेत. तुझी कादंबरी कुणी मागणार नाही, तिला शेवटची तारीखही नाही. म्हणून तीच पहिली मागे पडेल. रोज सकाळचा एक तास यादीत सगळ्यात वर तिच्या नावानं लिही. स्वतःला दिलेला शब्दही शब्दच असतो.

सुरुवात फुकटातल्या ॲपनं कर. पैसे भरायचे तर एक दिवाळी हंगाम त्याच्यावर निभावल्यावरच भर, आणि तोवर दुसरं धरू नकोस. मध्येच कुणीतरी नवीन ॲपचं कौतुक सांगेल, तुलाही बदलावंसं वाटेल. तसं वाटलं की आधी यादीतलं सगळ्यात जुनं काम उघड. बहुतेक वेळा तेच टाळायला मन नवं ॲप मागत असतं. ते काम पुरं कर, पाठवून दे, आणि मग ठरव.