कर्बाचा जमाखर्च

घरातील तेलमिठाचा हिशेब आपल्या मातोश्री ठेवीत असतात, हे तुम्ही नित्य पाहता. परंतु आपण जाळतो त्या इंधनापासून हवेत किती वायू जातो, याचा हिशेब फारसे कोणी ठेवीत नाही. तो कसा मांडावा व त्यापासून काय बोध घ्यावा, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक कोडे घेऊ. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते. पण ते जळाल्यावर त्यापासून सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, निघतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोंहून अधिक कसे निघाले? उत्तर रसायनशास्त्रात आहे. कर्बाचे १२ भाग हवेतील प्राणवायूच्या ३२ भागांशी संयोग पावतात व ४४ भाग कर्बवायू होतो. अर्थात अधिकचे वजन हवेतून आले. वस्तू जळून नाहीशी झाली असे आपण म्हणतो. वास्तविक ती दृष्टिआड मात्र होते.

हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. कोळसा जाळल्याने पृथ्वी तापेल, असे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी १८९६ साली मांडले होते. पुढे १९५८ पासून हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी हवेची अखंड मोजणी आरंभिली. त्या वेळी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते; आता ते ४२० च्या वर गेले आहेत.

आता प्रवासाकडे वळू. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली मोटार पुणे व अहमदनगर या शहरांमध्ये धावली. (त्या नगरास आता अहिल्यानगर म्हणतात.) हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. लिटरमागे १५ किलोमीटर जाणाऱ्या खाजगी मोटारीत एकटाच गृहस्थ बसून गेला, तर ८ लिटर पेट्रोल व सुमारे १८ किलो कर्बवायू त्याच्या नावे पडतो. एस.टी.ची गाडी लिटरमागे ५ किलोमीटर जाते असे धरले, तर तिला २४ लिटर डिझेल लागेल. डिझेलच्या लिटरपासून सुमारे २.७ किलो वायू निघतो. म्हणजे एकंदर ६५ किलो. परंतु आत ४० उतारू असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम १.६ किलो येतो. रस्ता तोच, गावे तीच; पण हिशेबात अकरा पटींचा फरक! त्याच मोटारीत चौघे बसले तरी प्रत्येकाचा भार चतुर्थांशावर येतो.

विजेचा हिशेब असाच आहे. आपल्या देशातील बरीचशी वीज कोळशावर होत असल्याने एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू निघतो. जुना ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळाल्यास महिन्यास ९ युनिटे लागतात; ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. तथापि खरा खर्च उजेडाचा नसून उष्णतेचा असतो. पंधरा लिटरांची बादली पंचवीस अंशांनी तापविण्यास लागणाऱ्या विजेत तो एलईडी दिवा दोन दिवस अहोरात्र जळेल! यास्तव दिवा मालवावाच, परंतु पाणी तापविण्याच्या यंत्राकडे आधी पाहावे. सूर्याच्या उन्हावर पाणी तापविण्याची सोय असेल तर फारच उत्तम. डाळ व कडधान्ये भिजवून, झाकण ठेवून शिजविल्यास चुलीवरचाही खर्च उतरतो.

हा पाठ झाल्यावर आम्ही नववीच्या वर्गास घरचा हिशेब लिहून आणावयास सांगितले. एका मुलाचा कागद जवळजवळ कोराच होता. त्याच्या खोलीत एकच दिवा, पंखा नाही, आणि शाळेस तो दोन किलोमीटर चालत येतो. ‘सर, माझ्याजवळ लिहिण्यासारखे काही नाही,’ असे तो खाली मान घालून म्हणाला. त्या क्षणी आम्हांस आमचा हिशेब आठवला. घरापासून शाळा अवघी दीड किलोमीटर. तरी आम्ही वर्षानुवर्षे फटफटीवर येत होतो. रोजचे तीन किलोमीटर, वर्षाचे २०० दिवस. म्हणजे १२ लिटर पेट्रोल व सुमारे २८ किलो कर्बवायू. स्वयंपाकाच्या गॅसची एक टाकी जळून जेवढा वायू निघतो, त्याच्या हा दोन-तृतीयांश! शिकविणाऱ्याचा कागद भरलेला व शिकणाऱ्याचा कोरा, हे पाहून आम्हांस लाज वाटली. मान खाली घालावयाची ती आम्ही, त्याने नव्हे, हे आम्ही वर्गासमोर सांगितले.

येथे एक गैरसमज होऊ नये. त्या मुलाने जन्मभर पंख्यावाचून राहावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्याच्या घरी पंखा यावा, आणि ओल्या लाकडांच्या धुराने ज्या माउलीचे डोळे चुरचुरतात तिला गॅस मिळावा. काटकसर ज्याच्याजवळ आहे त्याने करावयाची असते. पाऊस चुकला व विहीर आटली म्हणजे कोरा कागदवाल्यासच प्रथम हंडा घेऊन दूर जावे लागते. ज्याने जाळले त्याच्या दारी टँकर येतो. हा अन्याय ध्यानी धरला म्हणजे हा हिशेब केवळ गणित राहत नाही.

वीज कशापासून करावी, एस.टी. किती धावाव्या, हे एकट्यादुकट्याच्या हाती नाही, हे खरे. परंतु स्वतःचा जमाखर्च ज्याने मांडला आहे, तोच उद्या नागरिक या नात्याने राज्यकर्त्यांस त्यांचा जमाखर्च विचारू शकेल.

तेव्हा या सुटीत एवढे करा. घरच्या विजेच्या बिलावरील युनिटांस ०.७ ने गुणा. एका महिन्याचे पेट्रोल २.३ ने गुणून त्यात मिळवा. आलेली बेरीज घरातील माणसांनी भागा, व जून महिन्यात ती वहीत लिहून आणा. आमचीही वही त्या दिवशी मेजावर असेल. त्या मुलाबरोबर आम्ही हल्ली पायीच शाळेस येतो. वाटेत भूमितीची दोन प्रमेये सहज होतात.